पलंगाखालचं पीठ

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. कोल्हापुरात कसबा बावडा रस्त्यावर माझा टायपिंगचा काउंटर आहे. शपथपत्रं, भाडेकरार, संमतीपत्रं आणि अधूनमधून ग्राहक आयोगातल्या तक्रारी, असं काम चालतं. साठी उलटलेल्या एक काकू आल्या, पर्समधून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली काढली आणि माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली. आत निम्म्यापर्यंत पीठ होतं. गव्हाचंच वाटावं इतकं बारीक, रंगाला जरा पिवळट.

"चाळून आणलंय काय?" मी विचारलं.

"न चाळता असंच पडतंय," त्या म्हणाल्या. "पलंगातनं. रोज."

काकू महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या. निम्मी नोकरी आवक-जावक रजिस्टरवर गेलेली. त्यामुळे त्यांच्याकडे डायरी होती आणि डायरीत तारखा होत्या: पीठ पहिल्यांदा कधी दिसलं, दुकानात फोन कितीदा केला, कोण काय म्हणालं. एकच गोष्ट नव्हती. पलंगाचं बिल. कारण खरेदी काकांनी केली होती.

खरेदी

२०२३ च्या दिवाळीनंतर मुलाचं लग्न होतं, म्हणून डबल बेड घ्यायचा ठरला. सहा बाय साडेसहा, खाली सामान ठेवायला बॉक्स, डोक्याच्या बाजूला कोरीव काम. शहरातलंच दुकान. नाव लिहीत नाही, प्रकरण मिटलेलं आहे. भाव ठरला ५८,००० रुपये. दुकानदार म्हणाला, "काका, पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वर द्यायला लागतील. कशाला उगंच?" अठरा टक्के म्हणजे १०,४४० रुपये. लग्नघरात दहा हजार म्हणजे आचाऱ्याचा ॲडव्हान्स. काकांनी मान डोलावली.

मिळाला तो कागद मी नीट बघितला. वर 'एस्टिमेट' असं छापलेलं. दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. पेनाने लिहिलेलं: "बेड ६ × ६॥, नग १, ५८,०००. ॲड. १०,००० जमा. बाकी ४८,०००." लाकूड कुठलं याचा उल्लेखच नाही. आणि सगळ्यात खाली, स्वच्छ छापील अक्षरात, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." दुकानाचं नाव छापायला जागा मिळाली नाही, या ओळीला मात्र मिळाली.

ॲडव्हान्स रोख दिला होता. उरलेले ४८,००० बेड घरी पोचल्यावर यूपीआयने, दुकानाच्या खात्यावर.

तुम्ही म्हणाल, बिल नाही तर तक्रार कसली. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं इथेच मागे फिरतात, आपणच कर चुकवला म्हणून तोंड लपवतात. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मात्र वेगळं म्हणतो. ग्राहक कोण, तर पैसे देऊन स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेणारा. बिल असलेला, असं त्यात कुठे नाही. उलट कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी यादी आहे, तिच्यात विकलेल्या मालाचं बिल किंवा पावती न देणं ही स्वतंत्र प्रथा म्हणून मोडते. म्हणजे तो कच्चा कागद दुकानदाराच्याच अंगावर जाणारा. तरीही काकांची यात काही चूक नव्हती, असं मी म्हणणार नाही. पक्कं बिल असतं तर त्यावर मालाचं वर्णन आलं असतं आणि पुढचे आठ महिने ज्या एका शब्दावरून गेले, तो शब्द शोधत बसावं लागलं नसतं.

तो शब्द म्हणजे सागवान.

भुंगा की वाळवी

२०२४ च्या जूनमध्ये, पहिल्या पावसात, सुनेला पलंगाच्या डाव्या पायाशी पिठाची छोटी ढिगली दिसली. तिने झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन महिने घरात पुरावा रोज केरसुणीने झाडला गेला. दुकानदाराला फोन केला की एकच उत्तर: "पावसाळ्यात हुतंय की ओ. ऊन पडलं की थांबंल." जुलैत त्याने एक मुलगा पाठवला. मुलाने भोकांत सिरिंजने औषध सोडलं, वर पुट्टी भरली, पॉलिशचा हात मारला आणि जाताना सांगितलं, "तुमच्या घरात वाळवी आहे, ती चढलीय."

सप्टेंबरमध्ये बाजूची पट्टी मधोमध चिरली.

वाळवी आणि भुंगा यांतला फरक या प्रकरणात कळीचा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. वाळवी जमिनीतून येते आणि उजेड टाळते. येताना भिंतीवर, फरशीच्या सांध्यातून मातीची बोगद्यासारखी नळी बांधत येते. ती खाते तिथे पीठ पडत नाही, आत माती भरलेली सापडते. सुताराच्या भाषेत ज्याला भुंगा म्हणतात, तो वेगळा. त्याची मादी कच्च्या लाकडाच्या बारीक छिद्रांत अंडी घालते. अळी आतल्या आत लाकूड पोखरते, त्यातला स्टार्च हे तिचं अन्न. काही महिने ते वर्षभर बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. मग पूर्ण वाढलेला भुंगा एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडून बाहेर येतो आणि पीठ बाहेर सांडतं. रंग, पॉलिश, लॅमिनेट चढलेल्या पृष्ठभागावर तो सहसा अंडी घालत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. म्हणजे पलंग घरी आला, तेव्हा कीड बहुतेक आतच होती.

हे सगळं मला कुणी सांगितलं? एका जुन्या मिस्त्रींनी. काकूंनी त्यांना घरी नेलं होतं, मीही सोबत गेलो. मिस्त्री पलंगाखाली आडवे झाले. खालच्या बाजूला पॉलिश नव्हतं. पटाशीने नखभर साल काढली, चिमटीत चुरडली, नाकाशी नेली आणि माझ्यासमोर धरली. "वास घ्या." मला काहीच वास आला नाही. "सागाला तेलकट, चामड्यासारखा वास असतो. ह्याला हाय काय?" मग पलंगाच्या कोरीव हेडबोर्डवर टिचकी मारली. "हे सागच हाय. दिसणारं तेवढं साग. खालची पट्टी, आडवे दांडे, पाय, सगळं रबरवुड. वर सागाचा रंग."

रबराच्या झाडाचं लाकूड वाईट असतं असं नाही. फर्निचरसाठी ते भरपूर वापरतात, नीट प्रक्रिया केली तर टिकतंही. पण त्यात स्टार्च जास्त, त्यामुळे प्रक्रिया कच्ची राहिली की भुंग्याला आयतंच जेवण. आणि मुख्य म्हणजे ते साग नव्हे. सागाच्या गाभ्यात अशी द्रव्यं असतात की भुंगा त्याच्या वाटेला जात नाही. सागाचं बाहेरचं पांढरं लाकूड मात्र त्याला चालतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, दुकानदाराच्या वकिलांनी पुढे तीच काढली.

मी मिस्त्रींना म्हटलं, हे एवढं शपथपत्रावर लिहून द्या. त्यांनी पटाशी पिशवीत टाकली. "भाऊ, त्या दुकानातनं मला वर्षाला चार-पाच कामं येतात." त्यांना दोष देता येत नाही. शपथपत्र शेवटी कागलजवळच्या एका दुसऱ्या सुतारांनी दिलं. त्यांनी पलंग स्वतः बघितला, फोटो काढले आणि प्रवासखर्चाशिवाय एक रुपया घेतला नाही.

व्हॉट्सॲपमधला शब्द

आता मूळ प्रश्न. दुकानदाराने 'साग' असं कुठे म्हटलं होतं? तोंडी म्हटलं होतं, पण ते तोंडी राहिलं. कच्च्या कागदावर नव्हतं. काकांचा फोन बघायला मागितला, तर तो त्यांनी फेब्रुवारीत बदललेला. जुना फोन नातवाकडे, गेम खेळायला.

बॅकअप उघडायला दोन दिवस गेले. सापडलं. बेड घरी येण्याच्या आदल्या दिवशी दुकानाच्या नंबरवरून एक फोटो आलेला, त्याच पलंगाचा, आणि खाली: "काका तुमचा बेड रेडी. प्युअर सागवान. ५ वर्ष गॅरंटी 🙏".

काकूंनी तो मेसेज माझ्यासमोर तीनदा वाचला आणि काकांकडे फक्त एकदा बघितलं.

कायद्यात दोषाची व्याख्या कलम २(१०) मध्ये आहे. वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता यांत काही उणीव म्हणजे दोष. पण उणीव कशाच्या मानाने? कायद्याने ठरवलेल्या मानाने, कराराने ठरवलेल्या मानाने, किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल त्याच्या मानाने. कोणत्याही प्रकारे. बिलावर, पाटीवर, जाहिरातीत किंवा फोटोखालच्या दोन ओळींत. त्यामुळे पलंगाला भुंगा लागला हा एक दोष, आणि साग सांगून दुसरं लाकूड दिलं हा दुसरा, पहिल्याहून पक्का. भुंगा कुठून आला यावर वाद घालता येतो. लाकूड कुठलं आहे यावर फार वेळ वाद चालत नाही.

"माल परत घेतला जाणार नाही" या ओळीबद्दलही काकूंनी विचारलं. अशी ओळ छापल्याने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. एक गैरसमज मात्र दूर करतो, कारण तो दुकानदारांमध्येही आहे आणि ग्राहकांमध्येही. कलम २(४७) मध्ये तीस दिवसांचा उल्लेख येतो: सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर दिलेली नसेल, तर तीस दिवसांत तो परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा. यावरून लोक समजतात की तीस दिवस उलटले की संपलं. तसं नाही. दोषाबद्दल तक्रार करायची मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. काकू त्यात आरामात बसत होत्या.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तिथून बऱ्याचदा काम होतं. आमच्या दुकानदाराकडून काहीच आलं नाही. मग नोटीस, रजिस्टर पोस्टाने पोच पावतीसह. त्यात मी तीनच गोष्टी ठेवल्या: काय घेतलं, काय सांगितलं होतं, काय निघालं. पंधरा दिवसांत पैसे परत करा आणि पलंग घेऊन जा. पोच पावती सहीनिशी परत आली, उत्तर आलं नाही.

दरम्यान काकूंनी घरी एक युक्ती केली. काकांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे होता. ती काळी फिल्म रोज रात्री पलंगाच्या पायाखाली सरकवायची, सकाळी त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून फोटो काढायचा. अकरा दिवसांचे अकरा फोटो. काळ्या फिल्मवर पांढरी ढिगली इतकी ठसठशीत दिसत होती की मी तक्रारीला जोडताना प्रिंट रंगीत काढल्या. भिंतीच्या चारही कोपऱ्यांचे फोटोही जोडले. मातीची नळी कुठेही नाही, हे दाखवायला.

आयोगात

डिसेंबर २०२४ मध्ये तक्रार ऑनलाइन भरली, तेव्हा ई-दाखिल पोर्टल होतं. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. जिल्हा आयोगाची हद्द पन्नास लाखांपर्यंत आणि ती मोजतात ती मागितलेल्या रकमेवर नव्हे, दिलेल्या किमतीवर. २०१९ च्या कायद्यामुळे आणखी एक सोय झाली, ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. दुकान कोल्हापुरातलंच असल्याने आम्हाला तिची गरज नव्हती, पण ऑनलाइन मागवलेल्या फर्निचरचे लोक येतात त्यांना मी पहिलं हेच सांगतो. वकील लावायची सक्ती नाही. काकूंनी लावला नाही.

मागणी: ५८,००० व्याजासह परत, मानसिक त्रासापोटी ५०,०००, तक्रारीचा खर्च १०,०००. त्रासाचा आकडा मला जरा जास्त वाटला. काकूंनी ऐकलं नाही.

दुकानदाराला नोटीस लागली. त्याला म्हणणं द्यायला तीस दिवस, आयोगाने वाढवले तर आणखी पंधरा. पंचेचाळीसच्या पुढे एकही दिवस नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी हे पक्कं केलंय. त्यांचं म्हणणं आलं त्रेचाळिसाव्या दिवशी. त्यात मुद्दे असे: एस्टिमेट म्हणजे विक्री नव्हे, घर तळमजल्यावर असून ओल आहे, सागालाही भुंगा लागतो, त्यामुळे भुंगा लागला म्हणून साग नाही असं म्हणता येत नाही, आणि 'प्युअर सागवान' ही ग्राहकाला समजेल अशी ढोबळ भाषा होती, त्याचा अर्थ सागवानी रंगकाम असा घ्यावा.

पहिला मुद्दा यूपीआयच्या नोंदीने पडला. विक्री नव्हती तर ४८,००० कसले, आणि एस्टिमेटवर "१०,००० जमा" कशाला? ओलीबद्दल आम्ही विचारलं, त्याच खोलीतलं वीस वर्षांचं कपाट धड कसं राहिलं? त्याचाही फोटो. चौथा मुद्दा वाचताना मी काउंटरवर मोठ्याने हसलो. शेजारच्या स्टॅम्प व्हेंडरने मान वर करून बघितलं. 'प्युअर'चा अर्थ रंग असेल, तर मग शुद्ध तूप म्हणजे पिवळा रंग.

तिसरा मुद्दा मात्र हसण्यासारखा नव्हता. सागाच्या पांढऱ्या भागाला भुंगा लागतो हे खरंच आहे. सुताराचं शपथपत्र अनुभवावर उभं होतं आणि त्याची उलटतपासणी झाली असती तर "तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं का?" हा पहिलाच प्रश्न आला असता. कलम ३८ मध्ये याला वाट आहे. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. फी आधी तक्रारदाराला भरायला लावू शकतो. लाकडाची जात ओळखायचं काम बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत होतं. लाकडाचा आडवा छेद घेऊन छिद्रांची मांडणी बघतात. सागात वर्षाच्या सुरुवातीची छिद्रं मोठी आणि वलयात ओळीने असतात, रबरात ती विखुरलेली. मी काकूंना तसा अर्ज टाइप करून दिला: पाय, आडवा दांडा आणि बाजूची पट्टी यांचे नमुने घेऊन त्या संस्थेकडे पाठवावेत, तपासणीची फी भरायला तक्रारदार तयार आहे.

तो अर्ज दाखल झाला, रोजनाम्यात, म्हणजे आयोगाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, त्याची नोंद झाली आणि पुढच्या तारखेला दुकानदार पहिल्यांदा स्वतः आला.

तडजोड

बोलणं बाहेर पॅसेजमध्ये झालं. दुकानदार सुरुवातीला काकांशी बोलत होता. काका म्हणाले, "आता त्यांच्याशी बोला." मग तो काकूंकडे वळला. "ताई, मी तरी कुठं बनवलाय? मला जसा आला तसा मी दिला." हे बहुतेक खरं असावं. पण ग्राहकाचा करार दुकानदाराशी असतो. त्याला कुणी फसवलं असेल तर त्याने त्याच्या मागे लागावं.

पन्नास हजारांपासून सुरू होऊन ५४,००० वर आलं. पलंग त्याने स्वखर्चाने न्यायचा, पैसे दोन चेकने. काकूंना माझा सल्ला थांबण्याचा होता. अहवाल आला असता तर माझ्या मते पूर्ण किंमत, व्याज आणि वर थोडीफार भरपाई मिळाली असती. पण आदेश झाल्यावर दुकानदाराला राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस. निम्मी रक्कम त्याला भरावी लागली असती हे खरं, पण अपील म्हणजे आणखी किती तारखा हे कुणाच्या हातात नाही. काकू म्हणाल्या, "सून आठ महिने जमिनीवर गादी टाकून झोपतीय, भाऊ." मी पुरसीस, म्हणजे आयोगात द्यायचं तडजोडीचं लेखी निवेदन, टाइप केली.

ती टाइप करताना एक गोष्ट मी आग्रहाने घातली. तडजोडीच्या अटींसह आयोगाने आदेश करावा, नुसती तक्रार मागे घेऊ नये. मागे घेतली की हातात काहीच उरत नाही. आदेश असला तर न पाळणाऱ्याला कलम ७२ लागतं: एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. पहिला चेक वटला. दुसऱ्याची तारीख उलटून नऊ दिवस झाले, तेव्हा काकूंनी दुकानात फोन करून फक्त एवढंच विचारलं की दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करायला मी उद्या जाऊ की परवा. संध्याकाळी यूपीआयने पैसे आले.

ऑगस्ट २०२५ मध्ये टेम्पो आला. पलंग सुटा करताना बाजूची पट्टी हातातच मोडली आणि आतून पिठाचा लोट खाली आला. टेम्पोवाला मागे सरकून म्हणाला, "आयला, ह्यात लाकूड किती आणि पीठ किती?"

तडजोड केली की दुकानदाराविरुद्ध 'साग म्हणून रबर विकलं' असा निष्कर्ष कुठेच नोंदला जात नाही. फसव्या जाहिरातीबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळी तक्रार करता येते, कलम १७ मध्ये ती सोय आहे. काकूंना ती करायची नव्हती आणि माझं कामही तिथे संपलं. पण त्या दुकानाचा नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह राहिलाय, त्यामुळे त्याचे व्हॉट्सॲप स्टेटस दिसतात. परवा तसाच एक कोरीव हेडबोर्डचा पलंग होता. खाली लिहिलं होतं, "सागवान फिनिश". भाव ६१,०००.